पडद्याआडचा खुराक

मित्रांनो, मी एक जुना दगडी खल आहे. वेलची-सुंठ कुटायला तुमच्या घरात असतो तसला वीतभर नाही. दोन माणसांनी धरल्याशिवाय मी जागचा हलत नाही आणि माझ्या पोटात शेरभर बदाम सहज मावतात. आज मी नागपुरात, कोष्ट्यांच्या वस्तीत, एका पत्र्याच्या पडवीत बसून मिरच्या कुटतो. मिरच्या भिवापूरच्या असतात. त्यांचा ठसका शेजाऱ्यापाजाऱ्यांना लागतो, मला लागत नाही. मला जे लागलं आहे ते सहा वर्षांपूर्वीचं आहे आणि कितीही पाणी ओतून धुतलं तरी ते निघत नाही. तेच आज सांगायला बसलो आहे. सांगून फार काही होईल अशी आशा मला नाही. पण तुम्ही अजून लहान आहात, तुमच्या डोक्यात थोडी जागा शिल्लक असेल.

देश स्वतंत्र झाला त्या साली मी खाणीतून बाहेर आलो. एका पाथरवटाने मला पंधरा दिवस टाकीने ठोकलं. त्याची बायको शेजारी बसून माझ्यासाठी बत्ता घासत असे आणि दोघं दिवसभर भांडत. माझं पोट घासून गुळगुळीत झालं तेव्हा पाथरवटाने त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "झाला." माझ्या जन्माचं कौतुक झालं ते एवढंच.

मला विकत घेतलं मारोतराव वस्तादांनी. ते जातीचे विणकर, पण मागापेक्षा त्यांचा जीव आखाड्यात जास्त. कान मोडून पुरीसारखे झालेले, मान खांद्यात रुतलेली. इतवारीच्या पलीकडे, मागांची खटखट जिथे पहाटेपासून सुरू होते त्या वस्तीत, त्यांचा आखाडा होता. लाल माती, चार मुद्गल, भिंतीतल्या कोनाड्यात शेंदूर लावलेला मारोती, आणि मारोतीच्या पायाशी मी. नवा दगड आधी रेती सोडतो, म्हणून त्यांनी माझ्यात तीन वेळा तांदूळ कुटून फेकून दिले. चौथ्या दिवशी बदाम पडले. बदाम, खसखस, काळी मिरी, बडीशेप आणि खडीसाखर. ते वाटण म्हशीच्या दुधात कालवलं, वरून तूप सोडलं की झाला पहिलवानाचा खुराक.

आता या खुराकाची एक रीत ऐका, कारण माझ्या सगळ्या गोष्टीचं मूळ तिथेच आहे. खुराक कोणाला दाखवायचा नाही आणि कोणाला सांगायचा नाही. माझ्यापुढे गोणपाटाचा पडदा होता. बत्ता हातात घेतला की आधी पडदा ओढायचा. प्यायचा तोही भिंतीकडे तोंड करून. माझ्या कडेला काजळाचं बोट लावलेलं असे. बाहेर कोणी विचारलंच की पहिलवान, काय खाता, तर म्हणायचं, भाकर खातो. वस्ताद नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावत, "खुराक सांगतला का नजर लागली. घरी बायकोलेबी सांगाचा नाही." तो डोळे खाली करून मान हलवी.

मला ही रीत तेव्हा फार आवडे. आपण काहीतरी मोठं गुपित पोटात घेऊन बसलो आहोत असं वाटे. नागपंचमीला मला हळदकुंकू लागे, पहिलवान मारोतीच्या पाया पडत आणि मग मलाही हात लावून तो हात छातीला नेत. गावोगावच्या दंगलींतून फेटे बांधून परत येत. हळूहळू मला वाटायला लागलं की कुस्त्या मीच मारतो. दगडालाही गर्व होतो, मित्रांनो, आणि त्याचा तर घामही निघत नाही.

त्या पहिलवानांत जागेश्वर नावाचा एक होता. आला तेव्हा विशी-बाविशीचा आणि मागाच्या दोरीसारखा बारीक. दिवसा माग चालवायचा, रेशीमकाठी लुगडी विणायचा, आणि दिवस उगवायच्या आत आखाड्यात यायचा. पाच-सहा वर्षांत माझ्या वाटणावर तो असा भरला की आखाड्याच्या दारातून जरा तिरपा होऊन आत शिरे. खुराक कुटण्याचं काम वस्तादांनी त्याच्याकडेच दिलं होतं. त्याला गप्प बसून कुटता येत नसे. आसपास कोणी नसलं की तो मारोतीशी बोले. गोपिकेने, म्हणजे त्याच्या बायकोने, काय म्हटलं, तिसऱ्या वर्षात शिरलेली तारा कशी त्याच्या पाठीवर बसून घोडा घोडा करते, लुगड्याच्या काठात आज कोणता रंग भरला. मारोती ऐके की नाही ते ठाऊक नाही. मी ऐकत असे.

मग १९५४ सालचा पौष महिना आला. वस्ताद एके सकाळी बातमी घेऊन आले की माघात प्रांताच्या निवडीच्या कुस्त्या आहेत. त्यात जो जिंकेल त्याला खापरखेड्याच्या नव्या वीजघरात नोकरीची जागा मिळेल असं कोणीतरी त्यांना खात्रीने सांगितलं होतं. पगाराची, क्वार्टरची नोकरी. मागावर तेव्हा महिन्यातले पंधरा दिवस सूतच मिळत नसे. जागेश्वरचा चेहरा मी पाहिला. बत्ता हातात तसाच धरून तो उभा राहिला होता.

पण या कुस्त्या दंगलीसारख्या नव्हत्या. आधी काट्यावर उभं करायचे, मग जोड लावायचे.

"एकशे साठ पौंडाच्या गटात तुले उतराचं हाय," वस्ताद म्हणाले. "त्यात तुह्या तोडीचा कोणी नाही."

"म्या तं परवा एकशे चौऱ्याहत्तर भरलो, वस्ताद."

"घाम गाळ. बैठका वाढव. महिना हाय अजून."

"खुराक थोडा कमी केला तं?"

वस्तादांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने मारोतीलाच शिवी दिली होती. "खुराक तुटला का ताकद तुटली. वजन काढ, खुराक सोडू नको."

"पन खुराकानंच तं वजन वाढून राह्यलं, वस्ताद."

"मले शिकवू नको गा," वस्ताद म्हणाले आणि पडदा ओढून निघून गेले.

झालं. तूपही प्यायचं आणि बारीकही व्हायचं. जागेश्वरने दहा दिवस अंगावर घोंगडी घेऊन बैठका मारल्या. दहा दिवसांनी इतवारीच्या धान्यबाजारातल्या मोठ्या काट्यावर उभा राहिला तेव्हा दोन पौंड कमी भरला. वस्तादांचा शब्द मोडणं त्याच्या रक्तात नव्हतं आणि ती नोकरी हातची घालवणं त्याला परवडणारं नव्हतं.

अकराव्या दिवशी तो आला तो कमरेला काहीतरी खोचून. त्याने आधी पडदा ओढला. कनवटीतून काचेची छोटी बाटली काढली, त्यातली एक पिवळी गोळी पाण्याबरोबर गिळली आणि बाटली माझ्या मागे, भिंतीच्या फटीत सरकवली. मग मारोतीपुढे बसला.

"मारोतीबुवा, काल बर्डीवर गेलो होतो," तो हळू आवाजात म्हणाला. "श्रीधरराव डाक्टरकडे. थे लठ्ठ सेठाइले बारीक करतेत. त्याईनं नाडी पायली, छातीले नळी लावली. सकाळी एक गोळी घ्या म्हणे, आन आठ दिवसांनी दाखवाले या. मंग इचारलं, दुसरं काही घेता काय? वैद्याचं, ताकदीचं, कोनतंबी? म्या म्हटलं, नाही जी, भाकर खातो." त्याने बत्ता उचलून पुन्हा खाली ठेवला. "खोटं बोललो. पन खुराक कसा सांगू, तूच सांग. आन वस्तादले गोळीचं सांगतलं तं थो मले उभा करनार नाही. म्हनून इथं ठेवतो. घरी तारी हाय. दिसलं थे तोंडात घालते."

मित्रांनो, औषध मुलांच्या हाताला लागू नये एवढी काळजी त्याने घेतली, हे लक्षात ठेवा. तो बेफिकीर नव्हता, चांगला बाप होता. पण त्या काळजीमुळेच ती बाटली घरातही कोणाला दिसली नाही. गोळीची गोष्ट डॉक्टरांना ठाऊक, खुराकाची वस्तादांना. दोन्ही गोष्टी ठाऊक असलेले आम्ही दोघंच, जागेश्वर आणि मी.

गोळीने काम केलं. त्याची भूक मेली. पण खुराक तो नेमाने पीत राहिला, नाक दाबून, उलटी आवरत. तांब्याभर दूध आणि दिवसभरात तेवढंच. वजन सटासट उतरायला लागलं. वस्ताद खूश झाले. "पायलं? बैठकाइनं उतरलं का नाही?" ते सगळ्यांना सांगत. जागेश्वर हसे. तो आता फार बोलायला लागला होता, फार वेगाने कुटायला लागला होता, आणि बत्ता धरलेला त्याचा हात थरथरत असे. कधी बत्ता माझ्या कडेवर आदळे. माझ्या उजव्या बाजूला एक टवका उडालेला आहे, तो तेव्हाचा.

आठ दिवसांनी तो पुन्हा डॉक्टरांकडे जाऊन आला.

"डाक्टर म्हणे, नाडी घोड्यावानी पळून राह्यली," त्याने मारोतीला सांगितलं. "पुन्हा इचारलं, खरं सांगा, दुसरं काही घेता काय? म्या पुन्हा नाही म्हटलं. मंग म्हणे, या गोळ्या तुमाले सोसत नाहीत, आजपासून बंद करा, बाटली वापस आना." तो बोलता बोलता काजळाचं बोट पुसत होता आणि पुन्हा लावत होता. "पन आता पाचच पौंड राह्यले, बुवा. बाटलीत गोळ्या हायेत. पाच पौंड उतरले का नेऊन देतो. आन मागावर काठाचे तार तुटून राह्यले. दहा वर्षांत तुटले नाहीत थेवढे या आठ दिवसांत तुटले."

मी ओरडायला हवं होतं. पण खलाला जो आवाज असतो तो बत्त्याने मारल्यावर येतो, आणि त्या आवाजातून कोणाला काही कळत नाही.

मग एके दिवशी गोपिका आखाड्याच्या दाराशी आली. बाया आखाड्यात येत नसत. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली, डोक्यावरचा पदर घट्ट धरून. वस्ताद आत एकटेच माती ओली करत होते.

"मामाजी," ती सासऱ्याला हाक मारावी तशी म्हणाली, "जरा बोलाचं होतं जी."

"बोल वं."

"थे रात रात झोपत नाहीत. जेवत नाहीत. काल बसल्या जागी छाती धरून राह्यले. म्या हात लावून पायला तं छाती अशी उडून राह्यली होती का मलेच भेव वाटलं. इचारलं तं काही सांगत नाहीत. तुमी इचारा ना जी. तुमचं ऐकतेत थे."

ती बोलत होती तेवढ्यात वारा आला आणि गोणपाटाचा पडदा बाजूला झाला. त्या दिवशीचा खुराक माझ्यात भरलेला होता, वर तूप तरंगत होतं. गोपिकेची नजर आपोआप आत गेली. वाऱ्याने काही हललं की माणूस पाहतोच, त्यात तिचा काय दोष?

वस्ताद मातीचे हात तसेच घेऊन धावले आणि त्यांनी पडदा ओढला. "आत पाहू नको वं," ते चिडून म्हणाले. तिचा चेहरा उतरला. मग वस्तादांनाही वाईट वाटलं असावं, कारण ते सावकाश म्हणाले, "कुस्ती जवळ आली का असंच होते. मलेबी होत होतं. कमजोरी आली असन त्याले, वजन उतरलं ना. म्या पाहतो. तू घोर करू नको."

ती निघून गेली. वस्तादांनी शब्द पाळला. त्यांना जसं समजलं तसं त्यांनी पाहिलं. कमजोरी आली असेल तर ताकद द्यायची. देवळीतल्या डब्यातून त्यांनी कागदाची एक पुडी काढून पाहिली आणि कुस्तीच्या दिवसासाठी पुन्हा ठेवली. ती ताकदीची पुडी ते बाजारात बसणाऱ्या एका जडीबुटीवाल्याकडून आणत आणि मोठ्या कुस्तीच्या आधी आपल्या उतरणाऱ्या पहिलवानाला चिमटीभर देत. त्यात काय काय होतं ते विकणाऱ्यालाही नीट सांगता आलं नसतं. पण मी दगड आहे, माझ्या अंगात चव मुरते. त्यात कुचला होता. कुचल्याचं बी मुळात विष. जाणत्या वैद्याच्या हाती ते औषध होतं म्हणतात, आणि वस्ताद वैद्य नव्हते. तरी इतक्या वर्षांत त्या पुडीने कोणाला काही झालेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना तिची भीती उरलेली नव्हती.

निवडीच्या कुस्त्यांचा दिवस उजाडला. आदल्या संध्याकाळी जागेश्वर एकशे एकसष्ट भरला होता. त्या सकाळी तो सगळ्यांच्या आधी आला. त्याच्या ओठांना चिरा पडल्या होत्या. दोन दिवस त्याने पाणीही मोजकंच घेतलं होतं. त्याने बाटली काढली, हातावर पालथी केली. तीन गोळ्या उरल्या होत्या. तिन्ही घेतल्या आणि रिकामी बाटली पुन्हा फटीत सरकवली.

थोड्या वेळाने वस्ताद आले. स्वतः बत्ता हातात घेऊन त्यांनी वाटण वाटलं, पुडी उघडली आणि चिमटीऐवजी अर्धी माझ्यात रिकामी केली.

"वस्ताद, हे काय?"

"इचारू नको. पी. आज तुले लागते हे."

जागेश्वरने तांब्या हातात घेतला. त्याची नजर माझ्या मागच्या फटीकडे गेली. मग तो म्हणाला, "वस्ताद, एक सांगाचं होतं."

"सांग ना."

मित्रांनो, त्या वेळी मागही बंद होते. वस्तीत एवढी शांतता होती की मला माझ्या पोटात दुधाचे बुडबुडे फुटताना ऐकू येत होते. त्याचे ओठ हलले. मी आजवर मारोतीकडे कधी काही मागितलं नव्हतं, त्या वेळी मागितलं. याला बोलू दे, एवढंच.

"काही नाही," जागेश्वर म्हणाला. "वजन उतरते आज, असं म्हनत होतो."

"उतरनच," वस्ताद म्हणाले.

तो भिंतीकडे तोंड करून प्यायला. अंग मोकळं करायला म्हणून आखाड्यात उतरला, माती कपाळाला लावली आणि बैठका मारू लागला. पंधरा-वीस झाल्या असतील. मग तो खाली बसला आणि छाती धरली. वस्ताद जवळ पोचायच्या आत त्याचं अंग धनुष्यासारखं मागे वाकलं आणि लाकडासारखं ताठ झालं. दातखीळ बसली. सगळ्यात वाईट हे की त्याची शुद्ध गेलेली नव्हती. त्याचे डोळे वस्तादांवर होते आणि तो काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता. आता तो बोलायला तयार होता, पण जबडा उघडत नव्हता.

त्याला खाटेवर घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं, काय घेतलं. वस्ताद म्हणाले, "दूध." दिवस मावळायच्या आत जागेश्वर गेला.

चौथ्या दिवशी बातमी ऐकून श्रीधरराव डॉक्टर आखाड्यात आले. दवाखान्यातला पांढरा कोट नव्हता, साधं धोतर आणि रोजचा कोट होता. ते उंबऱ्यापाशीच जोडे काढून आत आले. वस्ताद मारोतीपुढे बसले होते, चार दिवस ते तिथेच बसत.

"तो माझ्याकडे येत होता," डॉक्टर म्हणाले. "वजन कमी करायच्या गोळ्या मी दिल्या होत्या आणि मीच बंद करायला सांगितल्या होत्या. इथे तो आणखी काय घेत होता, ते मला कळायला हवं."

"गोळ्या?" वस्ताद म्हणाले. "कोनत्या गोळ्या?"

बाटली परत आलेली नव्हती, म्हणून डॉक्टरांनी शोधलं. माझ्या मागच्या फटीतून रिकामी बाटली निघाली. वस्तादांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग उठले आणि डब्यातली उरलेली अर्धी पुडी आणून डॉक्टरांच्या हातावर ठेवली. डॉक्टरांनी ती जिभेच्या टोकाला लावली आणि लगेच थुंकली.

"माझी गोळी हृदयाला पळवते," डॉक्टर म्हणाले, "आणि ही पुडी सगळ्या शिरांना पेटवते. त्यात अंगात पाणी नाही, पोटात अन्न नाही. मी त्याला दोनदा विचारलं होतं, वस्ताद. दोनदा नाही म्हणाला. पण पहिलवानाचं अंग समोर दिसत असताना मी त्या भाकरीवर विश्वास ठेवला. तुमचा खुराक मी इथे येऊन पाहायला हवा होता." ते उठले. "त्याच्या बायकोला हे कळलं पाहिजे. मी परका माणूस. तुम्ही सांगा."

"सांगतो जी," वस्ताद म्हणाले.

त्यांनी सांगितलं नाही.

वस्तीत तोवर वेगळंच ठरून गेलं होतं. जागेश्वरला नजर लागली. कोणाची? त्या दिवशी गोपिका आखाड्याच्या दाराशी दिसली होती, पडदा उडाला होता, हे कोणीतरी रस्त्यावरून पाहिलं होतं. बायकोचीच नजर खुराकाला लागली. पाणवठ्यावर तिच्यासाठी जागा होईनाशी झाली. आखाड्यात माझ्यापुढच्या पडद्याला आणखी एक गोणपाट शिवलं गेलं. शिकले ते एवढंच.

तेराव्यानंतर वस्तादांनी मला दोघांकडून हातगाडीवर चढवून घेतलं आणि गोपिकेच्या दारी आणलं. "हे ठेव वं," ते म्हणाले. "मिरच्या कूट, तिखट इक. पोट भरन तुमचं." सांगायचं होतं त्याच्या बदल्यात त्यांनी मला दिलं.

गोपिका उंबऱ्यात उभी होती. तिने माझ्याकडे पाहायचं टाळलं. मग तिने विचारलं, "मामाजी, म्या त्या दिवशी आत पायलं होतं. थ्यानंच झालं काय जी?"

त्यांच्या तोंडून एक 'नाही' निघायला हवा होता. त्यामागे बाटली आली असती, पुडी आली असती, त्यांचा स्वतःचा हात आला असता. वस्तादांनी हातगाडीची दोरी सोडली, गुंडाळली, पुन्हा सोडली.

"जाऊ दे वं," ते म्हणाले. "होनार थे झालं."

तिने पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. तिला तिचं उत्तर मिळालं होतं.

त्यानंतर वस्ताद आखाड्यात उतरले नाहीत. दोन-तीनदा ते आमच्या दारापर्यंत आले, पाणी पिऊन गेले. छप्पन साली नागपूरची राजधानी गेली, तसे बरेच लोक गाव सोडून गेले. श्रीधरराव डॉक्टरही दवाखाना बंद करून भोपाळला मुलाकडे गेले. पुढच्या उन्हाळ्यात वस्ताद वारले. आता इथे ती गोष्ट ठाऊक असलेला मी एकटा उरलो आहे.

ताराला आता नववं वर्ष लागलं आहे. परवा तिने मिरच्यांची देठं खुडता खुडता विचारलं, "आई, बाबाले काय झालं होतं वं?"

"नजर लागली," गोपिका म्हणाली.

"कोनाची?"

गोपिका बराच वेळ कुटत राहिली. मग म्हणाली, "माहीच."

आणि म्हणून, मित्रांनो, ती आपल्या मुलीला कधी जेवताना पाहत नाही. ताट वाढते, पाण्याचा तांब्या ठेवते आणि पाठ फिरवून बाहेर माझ्याजवळ येऊन बसते. सहा वर्षं झाली. लेकीच्या तोंडात घास जाताना तिने पाहिलेला नाही. ताराला वाटतं, आईला मिरच्यांची घाई असते.

तुम्हीही उद्या मोठे व्हाल, अंग कमवाल, कोणी बारीक व्हायला निघेल, कोणी भरायला. कोणी गोळी देईल, कोणी पूड देईल. दोन्ही एकाच पोटात जाणार आहेत, एवढं लक्षात ठेवा. औषध देणाऱ्याला तुमचा खुराक सांगा आणि खुराक देणाऱ्याला तुमचं औषध सांगा. त्याने विचारलं तर खरं सांगा, नाही विचारलं तरी सांगा. बंद कर म्हटलं की उरलेल्या गोळ्या मोजत बसू नका. आणि तुमच्या हातून काही चुकलंच, तर ज्याला ते कळायला हवं त्याला निदान मागाहून तरी कळू द्या. मी बोललो नाही, कारण मी दगड आहे. ती तर माणसं होती.

आत तारा जेवायला बसली आहे. तिची आई माझ्यापुढे, भिंतीकडे तोंड करून मिरच्या कुटते आहे.